मस्कत ते अहमदाबाद, एक्स्प्रेस-वेच्या वेगानं

१० मार्च २०१५ च्या रात्री साडेअकराच्या सुमाराला अहमदाबादच्या विमानतळावर एक विमान उतरलं. सूर्याच्या जोरावर चालणारं विमान आणि पोहोचलं भर रात्री! त्याचं नाव 'सोलर इम्पल्स २'. इंधनाचा थेंबही न जाळता पृथ्वीप्रदक्षिणा करायला ते आदल्याच दिवशी अबुधाबीहून निघालं होतं. पहिला मुक्काम मस्कत आणि दुसरा आपलं अहमदाबाद. मस्कत ते अहमदाबाद अंतर १,५९३ किलोमीटर, लागलेला वेळ १५ तास २० मिनिटं. भागाकार केला तर ताशी १०४ किलोमीटर येतात. बडोदे-अहमदाबाद एक्स्प्रेस-वेवर मोटारी साधारण याच वेगानं जातात.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या बैठकीत तेव्हा यावरून बरीच थट्टा झाली. एकानं तर जाहीर केलं की यापेक्षा माझी मारुती बरी, तिला निदान ढगांची भीती नाही. मीही हसलो होतो. पण गेल्या दहा वर्षांत या विमानाचा विचार जसजसा करत गेलो, तसतसं वाटू लागलं की त्या थट्टेत आम्ही अजाणता नेमक्या प्रश्नावर बोट ठेवलं होतं. सौर विमानाची अडचण ऊन कमी पडण्याची नाही. ऊन भरपूर आहे. अडचण अशी की विमान म्हणजे काय, याची आपली जी कल्पना आहे ती उन्हाच्या हिशेबात बसत नाही. आणि मग आपण दोनपैकी एक चूक करतो. एक तर या विमानाला खेळणं ठरवून मोकळे होतो, नाही तर उद्या सगळी विमानं अशीच उडतील म्हणून टाळ्या वाजवतो. दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे : आकडेमोडीचा कंटाळा.

तर आकडेमोड करू. कागद-पेन्सिल पुरेल.

भर दुपारी, निरभ्र आकाशाखाली, एक चौरस मीटर जागेवर साधारण एक किलोवॅट एवढं ऊन पडतं. बडोद्याच्या हरणी विमानतळावरून दिल्लीला जातं ते एअरबस ए-३२० डोळ्यांपुढे आणा. त्याच्या पंखांचं क्षेत्रफळ सुमारे १२२ चौरस मीटर, म्हणजे त्यावर पडणारं सगळं ऊन १२२ किलोवॅट. आता खर्च पाहू. हे विमान तासाला ढोबळमानानं अडीच टन इंधन जाळतं. एक किलो इंधनात सुमारे १२ युनिट ऊर्जा असते. इंजिनात दोन-तृतीयांश उष्णता वाया जाते असं धरलं, तरी विमानाला पुढे ढकलत ठेवायला ९-१० हजार किलोवॅट लागतात. गरज १० हजारांची आणि मिळकत १२२ ची. तीही सौरपत्रे शंभर टक्के कार्यक्षम असतील तर. आजचे चांगले पत्रे जेमतेम पाव हिस्सा ऊन विजेत उतरवतात, म्हणजे हाती येतात तीसेक किलोवॅट. विमानाच्या पाठीवरही पत्रे लावा, फार तर दुप्पट होतील.

इथेच आशावादी माणसाचं नेहमीचं वाक्य येतं : 'तंत्रज्ञान सुधारेल.' सुधारेल ना! पण कितीही सुधारलं तरी एका चौरस मीटरवर पडणारं ऊन एक किलोवॅटच राहणार. पाव हिश्शाचे पूर्ण करणारा एखादा शास्त्रज्ञ उद्या जन्माला आला, तरी आपण गरजेच्या सव्वा टक्क्याला पोहोचतो. इथे प्रयोगशाळेला दोष देण्यात अर्थ नाही. सूर्य आपल्यापासून जेवढा दूर आहे तेवढा आहे.

याच हिशेबाची दुसरी बाजू बडोद्याच्या माणसाला घराजवळ पाहता येते. जानेवारी २०१५ मध्ये, म्हणजे सोलर इम्पल्स येण्याच्या दोनच महिने आधी, संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून इथे आले होते. नर्मदेच्या बडोदे शाखा कालव्यावर सौरपत्रे टाकून उभारलेल्या १० मेगावॅटच्या प्रकल्पाचं उद्घाटन त्यांच्या हस्ते झालं. खाली पाणी, वर लोखंडी सांगाडे आणि त्यांवर ओळीनं पत्रे. जमीन अडत नाही आणि पाण्याची वाफही कमी होते. १० मेगावॅट म्हणजे १० हजार किलोवॅट, आणि वर काढलेली ए-३२० ची गरजही तेवढीच. म्हणजे पाहणाऱ्याची नजर पोहोचणार नाही एवढा पसरलेला तो सगळा प्रकल्प, भर दुपारच्या ऐन उन्हात, एक विमान कसंबसं उडतं ठेवील. मला सौर उड्डाणाबद्दल कोणी विचारलं की मी त्याला आधी त्या कालव्यावर जाऊन यायला सांगतो.

मग सोलर इम्पल्स उडालं कसं? उत्तर उत्तरायणात आहे.

१४ जानेवारीला बडोद्यात जो माणूस पतंग घेऊन गच्चीवर नसतो तो आजारी असतो. पतंगाला इंजिन नसतं. त्याच्याकडे असतो तो पसारा, आणि वजन जवळपास नसतंच. हेच तत्त्व पराकोटीला नेलं की सोलर इम्पल्स तयार होतं. पंखांचा विस्तार ७२ मीटर, म्हणजे जंबो जेटहूनही जास्त. वजन २,३०० किलो, म्हणजे माणसं बसलेली एखादी फॉर्च्युनर. अंगावर १७,२४८ सौरघट, प्रत्येक साधारण माणसाच्या केसाएवढा जाड. ए-३२० च्या पंखाचा प्रत्येक चौरस मीटर साडेपाचशे किलोच्या पुढे भार उचलतो आणि सोलर इम्पल्सचा साडेआठ किलो. भार कमी म्हणून वेग कमी चालतो, आणि वेग कमी म्हणून ताकद कमी लागते. चारही मोटरी मिळून अवघी ७० अश्वशक्ती. बडोद्यात टाटा आणि एअरबस मिळून जे सी-२९५ वाहतूक विमान जोडतात, त्याच्या दोन इंजिनांची मिळून ताकद पाच हजार अश्वशक्तीच्या वर आहे.

पतंगाचे गुण घेतले की पतंगाचे दोषही घ्यावे लागतात. ज्या वाऱ्याला सी-२९५ जुमानणार नाही, तो या विमानाला अडवून धरतो. ताशी ७०-८० किलोमीटरनं जाणाऱ्या यंत्रासमोर ५० चा वारा आला तर ते चालतंय की उभं आहे हे सांगणं कठीण. धावपट्टीवर उतरताना आडवा वारा चालत नाही. खाली उभं असतानाही पंख सांभाळायला माणसं लागतात. आणि मोठं करायला जावं तर भूमिती आडवी येते. एखाद्या विमानाची लांबी-रुंदी-उंची दुप्पट केली की पंखांचं क्षेत्रफळ चौपट होतं, वजन मात्र आठपट. ऊन क्षेत्रफळाच्या हिशेबानं मिळतं आणि खर्च वजनाच्या हिशेबानं होतो. म्हणून या जातीची विमानं मोठी होत जातात तशी दणकट होत नाहीत, आणखी नाजूक होतात. नासाचं 'हेलिओस' हे याचं ठळक उदाहरण. ७५ मीटर पंखविस्ताराचं हे वैमानिकरहित विमान २००१ मध्ये जवळपास २९,५०० मीटर उंचीवर गेलं, जिथे धावपट्टीवरून उठलेल्या प्रवासी विमानानं जायचं स्वप्नही पाहू नये. त्याच विमानाचे २६ जून २००३ ला हवाईजवळ खळबळीच्या हवेत पंख वाकत गेले आणि ते मोडून समुद्रात पडलं.

पण खरा शत्रू वारा नाही. खरा शत्रू रात्र आहे.

दिवसा उन्हावर उडून दाखवणं १९८१ मध्येच झालं होतं. पॉल मॅक्रेडी यांच्या 'सोलर चॅलेंजर'नं त्या वर्षी ७ जुलैला पॅरिसजवळून निघून इंग्लिश खाडी ओलांडली. २६२ किलोमीटर, पाच तास तेवीस मिनिटं. त्यात बॅटरीच नव्हती. ढग आला की उंची कमी व्हायची आणि ऊन आलं की वाढायची. लांबचा पल्ला मारायचा तर मात्र रात्र काढावी लागते, आणि रात्र काढायची तर दिवसाची कमाई साठवावी लागते. साठवण्याचं ओझं पुन्हा त्याच पंखांवर. सोलर इम्पल्सच्या २,३०० किलोंपैकी ६३३ किलो नुसत्या बॅटऱ्या होत्या. त्यांत साठणारी वीज सुमारे १६० युनिट, म्हणजे एखाद्या मध्यमवर्गीय घराचं महिन्याचं बिल. विमानाच्या इंधनाच्या भाषेत सांगायचं तर, इंजिनातली नासाडी धरूनही, ४०-४५ किलो इंधनाचं काम. ६३३ किलो वाहून ४५ किलोंचा उपयोग!

यावर विमान बनवणाऱ्या मंडळींनी जी युक्ती केली ती मला सबंध प्रकल्पातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. दिवसा नुसती बॅटरी भरायची नाही, चढतही राहायचं, साडेआठ हजार मीटरपर्यंत. सूर्य मावळला की मोटरी जवळजवळ बंद करून, घारीसारखं तरंगत, कित्येक तास हळूहळू दीड हजार मीटरपर्यंत उतरायचं आणि मग कुठे बॅटरीला हात लावायचा. सात हजार मीटर उंचीवर २,३०० किलो वजन म्हणजे किती ऊर्जा साठली? शाळेतलं सूत्र लावलं तर सुमारे ४४ युनिट येतात. बॅटरीतल्या साठ्याच्या पाव हिश्शाहून अधिक, आणि त्यासाठी एक ग्रॅमही जादा वजन नाही. उंची हीच बॅटरी! धरणाच्या पाण्यात वीज असते हे आपण जाणतो. हवेतल्या विमानात ती अशी साठवता येते, हे मला तोवर सुचलं नव्हतं.

उतरणीनंतर उरलेल्या सात-आठ तासांत बॅटरीतून सरासरी वीसेक किलोवॅट मिळतात. सव्वादोन टन वजन, ७२ मीटर पंख आणि मागे तीन-चार अ‍ॅक्टिव्हा स्कूटरींची ताकद. पहाटे बॅटरी संपत आलेली असते, सूर्य अजून तिरपा असतो, आणि उगवतीकडे ढगांचा पट्टा असेल तर हिशेब तिथेच कोसळतो. या विमानाच्या वैमानिकाला संध्याकाळची नाही, पहाटेची भीती असते.

जपानमधल्या नागोयाहून हवाईपर्यंतच्या टप्प्यात वैमानिक आंद्रे बोर्शबर्ग यांनी अशा पाच पहाटा पाहिल्या. २८ जून ते ३ जुलै २०१५, ११७ तास ५२ मिनिटं, एकटे. कोठडी चारेक घनमीटरची. तिच्यात ना हवेचा दाब ना ऊब, आणि नाकाला प्राणवायूची नळी. झोप वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत. ते कोठडीत योगासनं करत, हे आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी अभिमानानं छापलं. त्याच टप्प्यात बॅटऱ्या तापल्या हे मात्र त्या मानानं कमी छापलं गेलं. पहिल्या दिवशीची चढण भराभर झाली आणि थंडीपासून वाचवायला बॅटऱ्यांना घातलेलं वेष्टण उष्णता बाहेर जाऊ देईना. बॅटऱ्यांचं इतकं नुकसान झालं की विमान हवाईत अडकलं ते थेट एप्रिल २०१६ पर्यंत. साडेनऊ महिने!

या साडेनऊ महिन्यांकडे लोक अपयश म्हणून पाहतात. मला त्यात या विमानाचा स्वभाव दिसतो. प्रदक्षिणा ९ मार्च २०१५ ला सुरू झाली आणि २६ जुलै २०१६ ला अबुधाबीतच संपली. ५०५ दिवस. त्यांत प्रत्यक्ष हवेत काढलेला वेळ सगळा मिळून २३ दिवसांच्या आसपास. बाकी काळ वाट पाहण्यात गेला. अहमदाबादला चार दिवस थांबायचं ठरलं होतं, हवामान आणि कागदपत्रं यांत आठ झाले आणि १८ मार्चला ते वाराणसीकडे निघालं. चीनमधल्या नानजिंगहून थेट हवाई गाठायचं होतं. पुढे हवामानाची भिंत दिसली म्हणून १ जूनला नागोयात उतरावं लागलं आणि तिथे जवळपास महिना गेला. उड्डाण २३ दिवसांचं आणि प्रतीक्षा पावणेपाचशे दिवसांची.

असा प्रवास आपल्या किनाऱ्यानं याआधी पाहिलेला आहे. मस्कत ते गुजरात ही वाट काही सोलर इम्पल्सच्या स्विस मंडळींनी शोधलेली नाही. खंभात, भरूच, सुरत, कच्छचं मांडवी इथली गलबतं शतकानुशतकं याच पाण्यावरून अरबस्तानात जात-येत होती, आणि तीही इंधनाशिवाय. वारा फिरेपर्यंत तांडेल बंदरात बसून राहत. 'मोसम' हा शब्दच अरबीतून या व्यापाराबरोबर आपल्याकडे आला. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्याशिवाय होडी न लोटणारा कोळी आणि नागोयात हवामानाचे नकाशे चाळत बसलेला वैमानिक, दोघांची अडचण एकच. निसर्गाची ऊर्जा फुकट असते, पण तिच्या वेळा ती ठरवते.

वाफेच्या आणि तेलाच्या इंजिनानं माणसाला वेग दिला असं आपण म्हणतो. माझ्या मते त्याहून मोठी देणगी दुसरीच होती : बेफिकिरी. बाहेर वारा असो, रात्र असो, पौष असो की आषाढ, सहा वाजून दहा मिनिटांचं विमान सहा वाजून दहा मिनिटांनी सुटेल, हे आश्वासन. आपली तिकिटं, सभा, लग्नाचे मुहूर्त, अमेरिकेतल्या मुलाकडे जाण्याची आईवडिलांची तारीख, सगळं या आश्वासनावर उभं आहे. त्या जिवावर आपण वेळापत्रक नावाची गोष्ट इतकी गृहीत धरली की तिची किंमत कोणी विचारत नाही. सौर विमान ती किंमत दाखवून देतं. ते म्हणतं, इंधन नको ना? मग तारीख मागू नका.

म्हणून मला हे विमान प्रवासी विमानाचा पूर्वज वाटत नाही. ते गलबताचा वंशज आहे. खुद्द बर्ट्रांड पिकार, या प्रकल्पाचे जनक, वाऱ्याचेच माणूस. १९९९ मध्ये त्यांनी ब्रायन जोन्स यांच्यासोबत फुग्यातून न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. निघताना ३.७ टन द्रवरूप वायू होता, उतरताना उरला होता ४० किलो. पुढचा फेरा इंधनाशिवाय, हे त्यांनी तेव्हा ठरवलं. फुगा हाकणाऱ्यालाच असलं विमान सुचावं यात नवल नाही.

आता एक कडू विषय. बडोद्याच्या मराठी घरांत विमानांचा विषय निघाला की कोणी ना कोणी शिवकर बापूजी तळपद्यांचं नाव काढतंच. १८९५ मध्ये त्यांनी गिरगाव चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचं विमान उडवलं, राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, आणि ते पाहायला आमचे सयाजीराव महाराज स्वतः हजर होते, अशी ती कथा. महाराजांचा उल्लेख आल्यामुळे आम्हा बडोदेकरांचा तिच्यावर विशेष जीव. तळपदे होते, त्यांना विमानविद्येचा ध्यास होता, हे खरं. पण ते उड्डाण झाल्याचा भरवशाचा समकालीन पुरावा कोणी पुढे आणलेला नाही. आणि ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा या कथेशी संबंध जोडतात, त्यातल्या विमानांची तपासणी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये केली. ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष. त्यांनी काय केलं? वजन किती, पंख किती, ताकद किती, एवढंच विचारलं.

२०१५ च्या जानेवारीत मुंबईत भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर व्याख्यान झालं आणि त्यावरून गदारोळ उठला. मार्चमध्ये सोलर इम्पल्स आलं. दोन महिन्यांच्या अंतरानं आपल्यापुढे दोन विमानं उभी होती. एकाबद्दल वाटेल ते सांगता येत होतं, कारण ते कोणी पाहिलेलं नव्हतं. दुसऱ्याचा किलो न् किलो, घट न् घट जाहीर होता, कुठे चुकलं तेही जाहीर होतं. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं ते दुसऱ्या प्रकारच्या विद्येसाठी. हातानं वस्तू करून पाहावी, बिघडली तर का बिघडली ते शोधावं. दादासाहेब फाळके तिथे शिकले. आजचं सयाजीराव विद्यापीठातलं तंत्रज्ञान-अभियांत्रिकी महाविद्यालय त्याच कलाभवनाचा वारस आहे. महाराजांचा अभिमान मिरवायचा तर तो चौपाटीपेक्षा कलाभवनावरून मिरवलेला मला आवडेल.

हाच निकष आजच्या जाहिरातींनाही लावावा. 'सूर्यावर चालणारी प्रवासी विमानं लवकरच' अशी बातमी वाचली की विचारायचं : वजन किती, पंख किती, ताकद किती? पाच ओळींत उत्तर मिळालं नाही तर पान उलटावं. प्रवासी उड्डाण स्वच्छ करायचं तर सौरपत्र्यांची जागा कालव्यावर, गच्चीवर, पडीक जमिनीवर आहे. तिथे वजनाचं कोणी विचारत नाही. तिथली वीज जवळच्या पल्ल्याच्या छोट्या विमानांच्या बॅटऱ्यांत भरावी किंवा तिच्यापासून इंधन बनवावं. ते महाग पडेल, तिकीट वाढेल, हे मान्य करूनच बोलावं.

मग लांब पल्ल्याच्या सौर विमानाचं काम काय? माझं म्हणणं असं की त्याला पल्ला मागूच नये. त्याला मुक्काम मागावा. जाण्यात ते कच्चं आहे. राहण्यात त्याच्या जवळपास कोणी येत नाही.

एअरबसचं 'झेफिर' हे वैमानिकरहित विमान पाहा. पंखविस्तार २५ मीटर. बडोद्यात बनणाऱ्या सी-२९५ चा विस्तार २५.८ मीटर. दोन्ही पंख शेजारी ठेवले तर लांबून फरक कळणार नाही. पण सी-२९५ पूर्ण भरलेलं असताना २३ टनांचं, आणि झेफिर ७५ किलोंचं, म्हणजे एका माणसाएवढं! सी-२९५ सत्तर जवानांना घेऊन काही तासांत सीमेवर पोहोचेल. झेफिर कुठेच पोहोचणार नाही. ते १८-२० किलोमीटर उंचीवर, ढगांच्या आणि प्रवासी विमानांच्या वर, एका गावावर महिनोन् महिने घिरट्या घालील. एकाच पंखाच्या मापातून एकाच कंपनीनं दोन टोकांची यंत्रं केली आहेत, आणि एकाची फूटपट्टी दुसऱ्याला लावण्यात अर्थ नाही.

भारतातही हे सुरू झालंय. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेनं, एनएएलनं, फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्नाटकातल्या चळ्ळकेरे इथे अशा विमानाची छोटी आवृत्ती उडवली. पंखविस्तार सुमारे १२ मीटर, वजन बावीसेक किलो. साडेआठ तास ते हवेत राहिलं, उंची सुमारे तीन किलोमीटर. त्या उड्डाणात रात्र काढायची राहिली होती आणि रात्र हीच परीक्षा, पण सुरुवात योग्य टोकाकडून झालीय. शिवाय आपल्याला एक भौगोलिक देणगी आहे, तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. लंडनवर डिसेंबरात दिवस आठ तासांचा होतो आणि सोळा तासांच्या रात्रीला बॅटरी पुरत नाही. बडोदे कर्कवृत्ताच्या जरा दक्षिणेला. इथे वर्षातला सर्वांत लहान दिवसही पावणेअकरा तासांच्या आसपास. जे विमान युरोपवर फक्त उन्हाळ्यात टिकेल, ते आपल्यावर बारा महिने टिकण्याची शक्यता आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीनं बडोद्यात काय केलं ते इथल्या कोणाला सांगायला नको. धोक्याची पातळी २५ फुटांच्या आसपास, पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. सोसायट्यांत मगरी आल्या, वीज गेली, फोन लागेनात. माझ्या ओळखीचं एक वृद्ध जोडपं दोन रात्री वरच्या मजल्यावर अडकून होतं आणि त्यांचा पत्ता कोणाला कळवायचा हाच प्रश्न होता. त्या रात्री आजवा जलाशयापासून शहरापर्यंत नदीवर नजर ठेवणारं आणि खालचे मनोरे बंद पडल्यावर फोनची जोडणी राखणारं एखादं यंत्र ढगांच्या वर असतं तर? उपग्रह येतो आणि जातो. ड्रोन अर्ध्या-पाऊण तासात बॅटरी संपवून परत येतं. इथे राहणारं विमान हवं.

हे लिहिताना माझाच निकष मला सोडत नाही. ढगांच्या वर असलेल्या साध्या कॅमेऱ्याला खालचं पाणी दिसणार नाही. रडार लागेल. रडार म्हणजे वजन आणि वीज, आणि झेफिरसारखी विमानं मोजकेच किलो उचलतात. दुसरं म्हणजे वर स्थिर हवा असली तरी तिथे जाताना आणि येताना खालचा राडा ओलांडावा लागतो. पावसाळ्यात आपल्यावर उंचावर पूर्वेकडून वाहणारा जोरकस वारा असतो, हिवाळ्यात उत्तर भारतावर पश्चिमेचा. झेफिरचा एक नमुना २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियात चढतानाच खळबळीच्या हवेत कोसळला. म्हणजे ऐन पुराच्या दिवशी हे विमान बडोद्यातून उडवता येणार नाही. ते जूनच्या आधीच, कोरड्या स्वच्छ सकाळी, वर पोहोचलेलं असायला हवं. पुन्हा मोसम, पुन्हा तांडेलाचं पंचांग.

पण या अडचणी पत्र्यावर पडणाऱ्या उन्हासारख्या अटळ नाहीत. रडार हलकं करता येतं, दरवर्षी होतंय. बॅटऱ्या सुधारताहेत. योग्य वेळी उडवणं ही शिस्तीची गोष्ट आहे. प्रवासी विमानाच्या बाबतीत गरज आणि मिळकत यांत शेकडो पटींचं अंतर होतं, इथे ते दोन-चार पटींचं आहे. शहाण्या माणसानं आणि शहाण्या सरकारनं पैसे कुठल्या अंतरावर लावावेत, हे बडोद्यातल्या कुठल्याही व्यापाऱ्याला विचारा.

शहरात आता विमानं जोडणारा कारखाना आहे, सव्वाशे वर्षांहून जुनी तंत्रविद्येची परंपरा आहे, कालव्यावर सौरपत्रे आहेत आणि दरवर्षी एक दिवस सबंध गाव हलक्या कागदाला वारा कसा धरतो याचा अभ्यास करतं. विद्यापीठातल्या मुलांनी एक रात्र काढणारं पाच-सात किलोंचं विमान करून दाखवावं, एवढंच मागणं आहे. संध्याकाळी उडवा आणि सकाळी ते वरच असेल असं करा. प्रवासी बसवू नका, समुद्र ओलांडू नका, मंत्र्यांना बोलावू नका.

वर राहण्याचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो : १९५८-५९ च्या हिवाळ्यात रॉबर्ट टिम आणि जॉन कुक या दोघांनी अमेरिकेत लास व्हेगासवर एक साधं सेस्ना विमान ६४ दिवस २२ तास १९ मिनिटं न उतरवता उडवत ठेवलं होतं. खालून धावणाऱ्या ट्रकमधून त्यांना इंधन आणि जेवण वर ओढून घ्यावं लागे. २०२२ च्या उन्हाळ्यात झेफिर नुसत्या उन्हावर ६४ दिवस १८ तास २६ मिनिटं राहिलं आणि चार तासांहून कमी वेळानं तो विक्रम हुकला. २०२५ मध्ये केनियातून उडालेल्या झेफिरनं ६७ दिवसांचा टप्पा गाठून तो मोडला.